तीन महिने मुलांना फुकट शिकवतोय, चौदाची पाच झाली. माझं काय चुकतंय?

जेलरोडचा_तात्या

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचायलाच येतो. लिहिलं आजवर एकदाच, तेही गच्चीवरच्या टाकीच्या गळतीबद्दल. आज थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ६७. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे टपालाची तिकिटं छापतात तिथे, ३४ वर्षं नोकरी, त्यातली २२ तपासणीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. छापून आलेले ताव समोर यायचे. डाग, सरकलेला रंग, तुटका आकडा, तिरकं पर्फोरेशन असं काही दिसलं की तो ताव बाजूला. चांगल्या तावाकडे दुसऱ्यांदा बघायचं कारण नसायचं. माझी नजर चांगली होती, हे मी नाही, माझे साहेब म्हणायचे. रिटायर झाल्यावर ते भिंग घरी आणलं, पण त्यातून बघायचं काय? औषधांच्या बाटलीवरची तारीख.

आमच्या सोसायटीमागे दोन टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या सेंट्रिंगवाल्यांची, गवंड्यांची मुलं आणि शेजारच्या चाळीतली काही, संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी नुसती हुंदडत असतात. बहुतेक सगळी मनपा शाळेत जातात. म्हटलं, आपल्याला वेळ आहे, गणित बरं आहे, अक्षर चांगलं आहे. विश्वस्तांना विचारलं, सभामंडप मिळाला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग चालू केला. साडेपाच ते सात. फळा घेतला, चौदा उजळण्या घेतल्या, वह्या घेतल्या, लाल पेनांचं एक पाकीट घेतलं. पहिल्या दिवशी चौदा मुलं. पार्ले-जी पुरले नाहीत.

आज पाच आहेत. त्यातलं एक फक्त बिस्किटाच्या वेळेला येतं.

काय काय झालं ते प्रामाणिकपणे सांगतो.

एक मुलगा आहे, पाचवीतला. खरं नाव लिहीत नाही, बंड्या म्हणू. त्याला दहा वेळा बाराखडी लिहायला दिली. काय सुबक लिहिली! क का कि की, एकही वेलांटी इकडची तिकडे नाही. मी खूश. मग फळ्यावर 'काकडी' लिहिलं आणि वाच म्हटलं. गप्प. 'काका' लिहिलं. गप्प. पाचवीतला मुलगा, काका वाचता येत नाही! माझा आवाज चढला असेल, नाही म्हणत नाही.

दुसरा चौथीतला. फळ्यावर २७ लिहिले, वाच म्हटलं. "वीस सात." म्हटलं, वीस सात काय? सत्तावीस म्हण. तो म्हणाला, पुस्तकात आहे. मी म्हटलं, पुस्तकात असं काही नसतं. दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

एका मुलाचे वडील सांगायला आले की तुमची वजाबाकी शाळेत चालत नाही, बाई रागावतात. आता ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, हातचा घेतला, बारातून सात गेले उरले पाच, हातचा एक आणि दोन तीन, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. यात न चालण्यासारखं काय आहे? आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ केलं. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. माझ्या मुलालाही माहीत नाही, या पोरांचं सोडा.

आणि एक चौथीतली मुलगी, साक्रीकडची. आईवर तीन ओळी लिही म्हटलं. तिने लिहिलं, "मनी माय साईटवर कामले जास." पुढच्या दोन ओळी तशाच. सात ठिकाणी गोल केले. वही परत दिली तेव्हा तिने ती उघडलीसुद्धा नाही.

नियमाने म्हणाल तर मी एकदम पक्का. गणपतीत आठ दिवस आणि मध्ये आम्ही दोघं पुण्याला मुलाकडे गेलो ते सहा दिवस, एवढं सोडलं तर एकही दिवस चुकवलेला नाही.

बायको म्हणते, "मुलं आहेत ती, तिकिटं नाहीत." ती असं काहीतरी बोलतच असते.

इथे कोणी असं काम केलंय का? मुलं टिकतात कशी? की हे आपलं काम नव्हे म्हणून सकाळच्या हास्यक्लबात जाऊन बसू?

सातपूरचा_मामा

तात्या, फुकट आहे म्हणून किंमत नाही. महिना ५० रुपये लावा, बघा कशी लाइनीत येतात. आमच्याकडे योगाच्या वर्गाचं हेच झालं.

पेठच्या_बाई

मामा, योगाला तुम्ही आपल्या पायांनी जाता. त्या बंड्याच्या आईला ५० रुपये म्हणजे एक वेळची भाजी. आधी धाकट्याला घरी सांभाळायला ठेवेल आणि वर्ग बंद करेल. फी नको.

तात्या, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवत होते. पेठ तालुका, मग सुरगाणा, शेवटची सहा वर्षं दिंडोरी. तुमचं लिहिणं वाचून दोनदा हसले आणि एकदा वाईट वाटलं. रागावू नका, सगळं सांगते.

बंड्याचं आधी. तो बाराखडी लिहीत नाही, तो चित्र काढतो. रांगोळी उतरवावी तशी. असे हात मी शेकड्याने पाहिलेत. वही बघून इन्स्पेक्टर खूश, आणि मुलाला पहिल्या पानावरचं वाचता येत नाही. आता पाचवीत म्हणजे त्याची बालवाडी-पहिलीची वर्षं कोविडच्या दिवसांत गेली. शाळा २०२० च्या मार्चमध्ये बंद झाल्या, त्या कुठे कधी नीट उघडल्या ते तुम्हाला माहीत आहे. सेंट्रिंगवाल्याच्या घरात मोबाइल एक, तो बापाबरोबर साइटवर. मधल्या वर्गांतून तो पुढे सरकला, कारण सरकवावं लागतं. आणि तो एकटा नाही. मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या २०२२ च्या 'असर'च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्केच होती. २०१८ मध्ये ती ५०.५ होती. म्हणजे कोविडच्या आधीही निम्मीच.

तर आता काय करायचं. चौथी, पाचवी, सहावी विसरा. एकेका मुलाला जवळ बसवा, सगळ्यांच्या नजरेसमोरच, पण बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतपत लांब. चार गोष्टी समोर ठेवा: सुटी अक्षरं, दोन-तीन अक्षरी शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. परिच्छेदापासून सुरू करा. जमला तर वर गोष्टीकडे जा, अडला तर खाली शब्दांकडे या. मूल जिथे आरामात वाचतं ती त्याची पायरी. पाच मिनिटांचं काम आहे. हातात पेन नको. विशेषतः तुमचं ते नको. मग मुलांना इयत्तेने बसवू नका, पायरीने बसवा. सातवीतली मुलगी शब्दांवर असेल तर तिला तिसरीतल्यांबरोबर बसवलंय असं दिसू देऊ नका, तिला 'धाकट्यांना मदत कर' म्हणा. ती मदत करता करता शिकते, मी हे कितीदा केलंय.

बंड्याला अ आ इ ई पासून नेऊ नका, तो तिथे पाच वर्षं बसलाय. तीन अक्षरं आणि एक काना घ्या: क, म, ल. एवढ्यात काका, मामा, लाल, काम, माल, मका, कमल, कमाल, सगळं होतं. पहिल्याच दिवशी तो आठ शब्द वाचतो. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचं तोंड बघा त्या वेळी. दोन दिवसांनी आणखी दोन अक्षरं.

आता वीस सात. तात्या, ते पुस्तकात आहे! २०१९ ला बालभारतीचं दुसरीचं नवं गणित आलं तेव्हा त्यावर किती गदारोळ झाला होता, तुम्ही टीव्हीवर बघितलं नाहीत? सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' अशी वाचायची पद्धत दिली होती. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. कारण साधं आहे. आपण लिहितो आधी दोन, मग सात. बोलतो मात्र आधी सत्ता, मग वीस. इंग्रजीत, दक्षिणेतल्या भाषांत असं उलटं नाही. पोरं २७ ऐकून ७२ लिहितात ती याच्यामुळे. शिवाय जोडाक्षरं: त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर. मला स्वतःला ते आधी आवडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण सुरगाण्यात ज्या मुलांच्या घरी मराठीच बोलत नाहीत, त्यांना वीस सात, वीस आठ भराभर आलं. तुमच्या चौथीतल्याचं बरोबर होतं. त्याला 'सत्तावीसपण म्हणतात' एवढं सांगितलं असतं तर तो आज असता.

वजाबाकीही तशीच. तुमची बरोबर आहे, उत्तर बरोबरच येतं. पण तुम्ही खालच्या दोनात एक का मिळवलात ते सांगता येईल का? मला माझ्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं. शाळेत आता पाच दशकांतला एक सुटा करतात, चार दशक उरले, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. आगपेटीच्या काड्यांचे गठ्ठे घेऊन बसा, एक गठ्ठा सोडा, मूल डोळ्यांनी बघतं. शाळेत जे चाललंय त्याच्या आड जाऊ नका. मार पोराला बसतो, तुम्हाला नाही. एकदा शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा. पुस्तक मागून आणा.

आणि साक्रीची पोर. मला वाईट वाटलं ते इथे. तिने अहिराणीत एक संपूर्ण, अर्थाचं वाक्य लिहिलंय. कर्ता, क्रियापद, जागा, सगळं जागच्या जागी. "मनी माय कामले जास" हे चुकीचं मराठी नाही, बरोबर अहिराणी आहे. माझ्या वर्गात असतं तर मी ते मोठ्याने वाचायला लावलं असतं आणि मग म्हटलं असतं, आता हेच पुस्तकातल्या बाईंसारखं सांगू या.

जेलरोडचा_तात्या

बाई, तुम्ही माझी खरडपट्टी काढलीत, पण वाचायला बरी वाटली. मुलाला फोन केला, तो म्हणाला, हो बाबा, वीस सात असतं, तुमच्या नातीच्या वेळीच आलं होतं. मला कोणी सांगितलंच नाही.

एक शंका मात्र राहते. चूक दिसली तर ती तशीच सोडायची? २२ वर्षांत मी एक ताव तसा सोडला नाही. मला दिसतं हो ते. डोळे मिटता येत नाहीत.

पेठच्या_बाई

डोळे मिटू नका. भिंग त्यांच्या हातात द्या.

तुम्ही फळ्यावर लिहा आणि मुद्दाम चुका. 'मुलगी शाळेत गेला.' 'दहातून चार गेले सात.' आणि म्हणा, तात्यांनी कुठेतरी गडबड केलीय, सापडते का बघा. मोठ्या माणसाची चूक पकडायला मिळाली की पोरं जेवण विसरतात. सुरुवातीला वाक्यात एकच चूक ठेवा, आणि सापडल्यावर खरोखर ओशाळा. नाटक नीट करा.

मुलांच्या वहीत मात्र दिवसाला एकच गोष्ट सुधारायची. एकच. कुठली ते तुम्ही ठरवा. बाकीच्या सहा उद्यासाठी.

अंबड_सेकंड_शिफ्ट

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. मी कंपनीत पॅकिंगला आहे. माझी मुलगी तिसरीत आहे, आमच्या गल्लीत एक आजी शिकवतात, त्यांच्याकडे जाते. तात्यांच्या वर्गाची नाही. पण आईच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

तात्या, ते चौदा दिवस. तुम्ही 'एवढं सोडलं तर' म्हणालात. आमच्या आजी मागच्या वर्षी अष्टविनायकाला गेल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत. माझी पोरगी रोज दप्तर घेऊन त्यांच्या पायरीवर बसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, आजीला मी आवडत नाही. आजी परत आल्या तरी ती पंधरा दिवस गेली नाही. मी भांडून पाठवली. साइटवरच्या मुलांच्या आयुष्यात माणसं अशीच अचानक जातात, मुकादम बदलतो, शेजारी बदलतात, शाळा बदलते. तुम्ही जाणार असाल तर आधी सांगा. कॅलेंडरवर गोल करून दाखवा, अमुक तारखेला मी परत येणार. आणि त्या तारखेला या.

दुसरं म्हणजे साडेपाचची वेळ. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी येतं. ज्यांच्या आया कामावर असतात त्या घरात पाणी मोठी मुलगी भरते आणि धाकटं तिच्या कडेवर असतं. तुमच्या चौदातल्या किती मुली होत्या आणि आता पाचात किती आहेत ते बघा. धाकटं घेऊन आली तर चालेल म्हणून सांगा. कोपऱ्यात खडू द्या त्याला, बसतं.

आणि आधार कार्ड, बापाचं नाव, गाव असलं पहिल्याच दिवशी विचारू नका. लोकांना वाटतं, सोसायटीवाले काहीतरी लिहून घेतायत.

जेलरोडचा_तात्या

ताई, मोजलं. चौदात आठ मुली होत्या. आता पाचात एक.

आणि हो, मी पहिल्या दिवशी रजिस्टर केलं होतं. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, आधारचे शेवटचे चार आकडे. कशासाठी केलं, सांगता येणार नाही. रजिस्टर असतं म्हणून केलं.

इंदिरानगरचा_फिरस्ता

तात्या, चांगला धागा निघालाय. मी वकील नाही, पण पंचायतींमध्ये बराच फिरलोय, म्हणून तीन-चार कोरड्या गोष्टी.

सभामंडप उघडा आहे हे उत्तम. तो तसाच उघडा राहू द्या. कुठल्याही मुलाला एकट्याला घरी बोलावू नका, शिकवायला नको, पुस्तक द्यायला नको, बिस्किटालाही नको. तुमच्या मनात काही नाही हे मला माहीत आहे, पण मुलाला आणि आईबापांना ते माहीत असायची सक्ती नाही. शक्यतो कायम दोन मोठी माणसं हवीत. आणि वर्गाचे फोटो ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर टाकत असाल तर थांबवा. 'आमचे तात्या गरीब मुलांना शिकवताना' खाली सत्तर अंगठे येतात, पण त्यातल्या मुलाला कोणी विचारलेलं नसतं. एखादं मूल घरच्या माराबद्दल किंवा त्याहून वाईट काही बोललं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, फुकट लागतो.

शाळेत जाऊनच शिकवायचं मनात आलं तर केंद्र सरकारचं 'विद्यांजली' पोर्टल आहे, २०२१ ला नव्याने सुरू झालं. निवृत्त माणसांना त्यात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं. पण मुख्याध्यापकांना आधी जाऊन भेटलेलं बरं, आपल्याकडे कामं ओळखीनेच लवकर होतात.

आता दोन माणसांवरून एक आठवण. माझी मुलगी अमेरिकेत बाल्टिमोरला होती, मी तिच्याकडे सहा महिने राहिलो. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये 'एक्स्पीरियन्स कोअर' नावाचा कार्यक्रम चालायचा. साठीच्या पुढची माणसं, आठवड्याला किमान पंधरा तास, बालवाडी ते तिसरीच्या मुलांबरोबर वाचायला बसायची. तिथल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मुलांइतकाच म्हाताऱ्यांचाही अभ्यास केला, त्यांचं चालणं-फिरणं, स्मरण वगैरे. मला त्यातली एक गोष्ट फार पटली: एका शाळेत एकटा म्हातारा कधी नसायचा, गटच असायचा. एकाचा गुडघा दुखला, दुसऱ्याची नात झाली, तरी टेबल रिकामं नाही. अंबडच्या ताईंनी सांगितलेल्या पायरीवरच्या पोरीवर औषध तेच आहे. तुमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींतून एक जोडीदार शोधा.

सातपूरचा_मामा

हास्यक्लबात जा म्हणजे, तात्या. माणूस पकडायला.

ता. क. फीचं मागे घेतो. ताईंचं वाचलं.

जेलरोडचा_तात्या

मंडळी, सहा आठवडे झाले. मधे दिवाळी होऊन गेली. धागा वर आणतोय.

आधी जोडीदाराचं. हास्यक्लबात नाही गेलो, पण पारिजातकाखालच्या बाकावर एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर बसतात, त्यांना पटवलं. पहिले दोन दिवस नुसतेच बसले. तिसऱ्या दिवशी घरून तिकिटांची रिकामी पेटी घेऊन आले आणि सभामंडपाची एसटी केली. नाशिकरोड ते सिन्नर. एक पोर कंडक्टर, बाकीचे प्रवासी, कागदाच्या नोटा. "पाचशेची नोट, पस्तीसची दोन तिकिटं, सुट्टे किती?" अर्ध्या तिकिटाचं भांडण, उतरायचं विसरलेली म्हातारी, सगळं. वजाबाकी कुठल्या पद्धतीने करायची हा प्रश्नच उरला नाही, कारण कंडक्टर वजाबाकी करतच नाही. तो सत्तरापासून वर मोजत जातो. सत्तर, ऐंशी, शंभर, मग चार नोटा. माझ्या औटकीला काही कोणी विचारलं नाही.

वेळ साडेसहा केली, पाणी येऊन गेल्यावर. तीन मुली परत आल्या, दोघी धाकट्यांना घेऊन. एका धाकट्याने परवा माझी चप्पल खडूने पूर्ण पांढरी केली.

रजिस्टर फाडलं. आता नुसत्या नावापुढे एक पायरी लिहितो: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्या दिवशी पहिल्यांदा एकेकाला घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की मी तीन महिन्यांत कोणाचंच वाचणं पुरतं ऐकलेलं नव्हतं. पहिल्या चुकीला थांबवायचो. सातवीतली एक मुलगी चांगली गोष्ट वाचते, मला वाटत होतं तिला येत नाही, कारण ती पहिल्या शब्दाला अडखळते आणि मी तिथेच तोडायचो.

बंड्या. क, म, ल घेतलं. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या तसे आठ नाही, पाच शब्द. 'कमाल' वाचल्यावर त्याने मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणी ऐकलं का ते. मग घरातली जुनी पाकिटं काढली. माझ्याकडे चाळीस वर्षांची तिकिटं आहेत, प्रेसवाल्याकडे असायचीच. भिंग बंड्याच्या हातात दिलं. तिकिटावर काय दिसतं सांग. पक्षी, गांधीजी, रेल्वे. आणि कोपऱ्यात? प्रत्येक तिकिटावर तेच आहे. त्याने सात-आठ तिकिटं बघितली आणि म्हणाला, हा शब्द सगळीकडे आहे. भ ला काना, र, त. त्याला त आणि र चार दिवसांपूर्वी आले होते. भ मी सांगितला. ती तिकिटं छापलेल्या कारखान्यात मी होतो हे त्याला खरं वाटत नाही. तो म्हणतो, तिकिटं पोस्टात होतात.

साक्रीच्या मुलीकडे वही मागितली. देईना. मग मीच माझ्या वहीत अहिराणीत लिहायचा प्रयत्न केला आणि तिला तपासायला दिली. तिने बारा गोल केले. लाल पेनाने. पेन मीच दिलं होतं. तेव्हापासून बोलते.

सावानाचा, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा, मी जुना सभासद, १८४० सालचं वाचनालय म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पण लहान मुलांची पुस्तकं आयुष्यात पहिल्यांदा आणली. आणि फिरस्त्यांनी फोटोचं म्हटलं ते लागलं मला. एक टाकला होता, काढला.

आता भानगड सांगतो. बाईंचा तो मुद्दाम चुकायचा खेळ फारच चालला. फळा पुरेना, म्हणून मुलं देवळाच्या आवारात चुका शोधायला लागली. बाहेरच्या पाटीवर आहे, 'चपला येथे काढु नयेत.' बंड्यानेच पकडलं. त्याला मी सांगितलं होतं की शब्दाच्या शेवटी उकार आला तर तो लांबडा. पाटीखाली उभा राहून ओरडला, "तात्या, ढु आखूड आहे!" मग देणगीच्या फलकावर 'जिर्णोद्धार' सापडला. मग मोठ्या सूचनेत 'सुचना'. तिघांनी खडूने गोल केले. दुसऱ्या दिवशी विश्वस्त घरी. म्हणाले, संगमरवरी फलक आहे, देणगीदारांचे पैसे आहेत, पोरांना आवरा. मी म्हटलं, खडू आहे, पुसला जातो, पण चूक आहे ती आहे. थोडं तापलं. शेवटी चपलांची पाटी रंगवून घ्यायचं कबूल झालंय. फलकाला हात लावायचा नाही.

संख्या म्हणाल तर अकरा. कधी नऊ.

आता एक प्रश्न, बाई. बंड्याच्या वडिलांचं इथलं काम संपत आलंय. शेवटचा स्लॅब टाकून झाला. संक्रांतीनंतर सिन्नरकडे कुठेतरी जायचं म्हणतात, नक्की कुठे ते मुकादमाला माहीत. तो आता शब्दांवर आहे, परिच्छेदाची पहिली ओळ ओढत ओढत वाचतो. तिथे नव्या शाळेत पुन्हा मागच्या बाकावर बसवून बाराखडी लिहायला दिली तर? मी काय करू शकतो?

पेठच्या_बाई

तात्या, तो जायच्या आधी शाळेत जा, उशीर करू नका. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते मागा. दाखला वेळेत नाही मिळाला तरी घाबरायचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे बापाला समजावून सांगा, बायकोसमोर सांगा, म्हणजे लक्षात राहतं.

दुसरं, एका कागदावर तुमच्या सुबक अक्षरात लिहून द्या: याला कुठली अक्षरं येतात, कुठले शब्द वाचतो, काय दिलं की अडतो, काय दिलं की रमतो. नव्या बाईंच्या हातात असा कागद कधी पडत नाही. माझ्या हातात ३१ वर्षांत दोनदा पडला.

आणि त्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा.

जेलरोडचा_तात्या

कागद लिहायला घेतलाय. तिसऱ्यांदा फाडला, कारण तिन्ही वेळा 'येत नाही'ची यादीच लांब झाली.

नंबर मिळाला. सिन्नर एमायडीसीच्या बाजूला साइट आहे म्हणे. आमचे कंडक्टर म्हणतात, त्या रस्त्यावर त्यांनी अकरा वर्षं गाडी नेलीय, महिन्यातून एखादा शनिवार जाऊन येऊ, ज्येष्ठांना अर्धंच तिकीट आहे.

मामा, तुम्ही येताय का? सातपूरहून लांब पडेल, पण नाशिकरोड स्टँडवर भेटू.

सातपूरचा_मामा

मला पाढे वीसपर्यंतच येतात. पण येतो. पार्ले-जी माझ्याकडून.